तो बरा झालाय असं लिहून द्या

"मॅडम, तो आता बरा झालाय एवढं एका कागदावर लिहून द्या, बास." थोरल्या भावाने खुर्चीत नीट टेकायच्या आतच सांगून टाकलं. हातात कारागृहाचा सुटकेचा दाखला, निकालपत्राची झेरॉक्स आणि पेढ्यांचा पुडा. पेढे कशाचे ते मी विचारलं नाही.

सांगलीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. झोप लागत नाही, पोरगं मोबाईल सोडत नाही, लग्न ठरलंय पण छातीत धडधडतं, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या दिवशी मात्र अख्खं घर आलं होतं. थोरला भाऊ, ऐंशीच्या पुढची आई, भावाची सून, आणि ज्याच्यासाठी सगळे आले होते तो, वय एक्कावन्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी इकडचे तिकडे केले आहेत. लिहायला घरच्यांची हरकत नाही, सुनेची तर नाहीच.)

२०१४ मध्ये तो शाळेची रिक्षा चालवायचा. रिक्षातल्याच, मागच्या गल्लीत राहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीवर त्याने अत्याचार केला. पॉक्सोखाली दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. कच्च्या कैदेचे दिवस आणि माफी धरून साडेआठ वर्षांनी सुटला. घरी येऊन अकरा दिवस झाले होते. घरात सुनेची मुलगी आहे, सहा वर्षांची.

सुरुवातीलाच चौघांना सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं, पण एक गोष्ट सोडून. मुलावर अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मला पोलिसांना कळवावं लागतं. आणि मुलीच्या सुरक्षिततेशी संबंध असलेलं काहीही मी तिच्या आईपासून लपवणार नाही. भावाने मान डोलावली. आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

मग एकेकाला आत घेतलं. सून पहिली. बाहेर ती एक शब्द बोलली नव्हती. दार लागल्यावर म्हणाली, "अकरा दिवस झाले, मी अंघोळीला जाते तेव्हा तिला बाथरूमच्या दाराशी पाटावर बसवते आणि मोठ्याने पाढे म्हणायला लावते. आवाज थांबला की मी असेन तशी बाहेर."

नवरा पुण्यात एमआयडीसीत कामाला, पंधरा दिवसांनी येतो. सासरे म्हणतात, तू फार संशय घेतेस. आजेसासूबाई म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत त्याला घराबाहेर काढू नका. "मी एकटीच वाईट ठरलेय," ती म्हणाली. रडली नाही. पर्समधून कागद काढला, त्यावर प्रश्न लिहून आणले होते. पहिलाच होता: 'मुलीला काय सांगायचं?'

त्यानंतर तो. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं, कारागृहात सुतारकाम शिकलेला. "चूक झाली मॅडम. दारू होती. आता शिवत पण नाही." डोळे भरून आले. आपल्याकडे या रडण्याला फार किंमत आहे. पश्चात्ताप झालाय, सुधारलाय, असा अर्थ लगेच काढतात. २००५ मध्ये हॅन्सन आणि मॉर्टन-बूर्गाँ यांनी कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा गुन्हा नाकारण्याचा किंवा बळीबद्दल सहानुभूती नसण्याचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध निघाला नाही. म्हणून त्याचं रडणं मी वहीत टिपलं, हिशेबात धरलं नाही. उलट बाजूनेही तेच; तो रडला नसता तरी मी ते त्याच्याविरुद्ध धरलं नसतं.

"घरी आल्यापासून दिवस कसा जातो?" मी विचारलं.

इथे तो पहिल्यांदा मोकळा झाला. "धाकटीबरोबर. लळा लागलाय तिला माझा. पाढे म्हणत बसते सारखी, म्हणून मीच घेतो करून. सातपर्यंत पाठ झालेत." थोडा थांबून म्हणाला, "मोठ्या माणसांत बसलं की सगळे बघतात. पोरं विचारत नाहीत कुठं होतास म्हणून."

हे वाक्य मी शब्दशः लिहून घेतलं. साडेआठ वर्षं आत काढून आलेल्या माणसाचं एकटेपण त्यात आहे, आणि ते खरं आहे. माझ्या कामात ज्याला धोक्याची खूण म्हणतात तीही त्यातच आहे. बरोबरीच्या माणसांत जीव गुदमरणं आणि मुलांत हायसं वाटणं.

दारूचं मात्र मला पटेना. निकालपत्र ऐंशीएक पानांचं होतं. घरच्यांपैकी कुणीच ते वाचलेलं नव्हतं, भावानेसुद्धा शेवटची दोन पानं तेवढी पाहिलेली. घटनेची वेळ दुपारची, शाळा सुटल्यानंतरची. हा प्यायचा रात्री. दारूचा उल्लेख अख्ख्या निकालात कुठेच नाही. दुसऱ्या एका पालकाच्या साक्षीत असं होतं की आठवडाभर आधीपासून त्याने मुलांना सोडायचा क्रम बदलला होता. मागच्या गल्लीतली ही मुलगी आधी मध्ये उतरायची, ती शेवटी उतरू लागली. न्यायालयाने एका ओळीत हे नोंदवून सोडून दिलंय. मी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. हे नशेत होत नाही. याला गणित लागतं.

एम.फिल. नंतर दोन वर्षं मी इंग्लंडमधल्या एका कारागृहात सहायक सायकॉलॉजिस्ट होते. पुन्हा गुन्हा करण्याची जोखीम मोजायच्या तक्त्यांची सवय तिथलीच. त्यातला एक स्टॅटिक-९९आर. मूळ तक्ता १९९९ चा, पुढे वयाचे गुण सुधारून घेतलेला. दहा मुद्दे, कैद्याशी एक शब्द न बोलता कागदपत्रांवरून भरता येतात: आधी अशा गुन्ह्याचे आरोप किंवा शिक्षा आहेत का, बळी नात्याबाहेरचा होता का, अनोळखी होता का, मुलगा होता का, सुटताना वय किती, कुणाबरोबर सलग दोन वर्षं संसार केलाय का, वगैरे. बेरीज उणे तीन ते बारा.

साडेबाराच्या सुमारास मी सवयीने तो भरला. वय चाळीस ते साठमध्ये, उणे एक. मुलगी नात्याबाहेरची, अधिक एक. उरलेल्या आठ ठिकाणी शून्य. बेरीज शून्य. म्हणजे सरासरीपेक्षा कमी जोखीम. भावाला हवा होता तो कागद जवळजवळ माझ्या हातात होता.

पण त्या आठ शून्यांतली दोन मला डाचत राहिली. एक संसाराचं. हा प्रश्न तिथे विचारतात, कारण कुणाबरोबर तरी दोन वर्षं टिकून राहता आलं यातून माणसाला जवळीक साधते असं थोडंफार कळतं. इथे पंचविसाव्या वर्षी मामाने स्थळ आणलं, घरच्यांनी लग्न लावलं, आणि बायको सतरा वर्षं एका छपराखाली राहिली. खटला उभा राहिल्यावर माहेरी गेली. त्याला विचारलं, तिच्याशी काय बोलायचास? बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "भाजी काय आणायची ते." या शून्यातून त्याच्या मामाची खटपट कळते, त्याच्याबद्दल काही कळत नाही.

दुसरं शून्य पूर्वीच्या गुन्ह्यांचं. हा तक्ता ज्यांच्यावरून बेतला ती माणसं कॅनडा, अमेरिका, युरोपातली. तिथेही बहुतेक घटना पोलिसांपर्यंत जात नाहीत, पण आपल्याकडे घरातलं घरात ठेवण्याची तालीम फार जुनी आहे. नोंद नाही याचा अर्थ घडलं नाही, असं मी सांगलीत बसून मानू शकत नव्हते. इंग्लंडमध्ये समोर फाईल असायची, शाळेपासून प्रोबेशनपर्यंतचे अहवाल. इथे मी आजींना आत बोलावलं.

त्याआधी सुनेकडून जीनोग्राम काढून घेतला होता, म्हणजे घराण्याचा नकाशा. कोण कुणाचं, कोण कुठे, कुणाचं कुणाशी बोलणं नाही. थेट विचारलं की लोक "आमच्यात सगळे एकोप्याने" म्हणतात, म्हणून मी गणपती विचारते. गणपतीला कोण कोण येतं? सुनेने भराभर नावं घेतली. चुलत घरातले तिघे भाऊ येतात, एक घर येत नाही. का? "बांधावरून बिनसलंय म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे."

आजींना विचारलं, "वाटण्या कधी झाल्या हो?"

"हे गेल्यावर. दोन हजार तीनला."

"आणि त्या घरचं येणं कधीपासून बंद आहे?"

त्या बोटं मोडत बसल्या. मी काही बोलले नाही. पंखा किती आवाज करतो ते त्या दिवशी मला कळलं.

"हा भिवंडीला गेला तवापास्नं," त्या म्हणाल्या.

म्हणजे १९९१. वाटण्यांच्या बारा वर्षं आधी. बारावी नापास झालेला, वडिलांनी चारचौघांत मारलेला, बरोबरीची पोरं कामाला लागलेली. दुपारभर घरी असायचा आणि चुलत्यांच्या घरची बारकी पोरं त्याच्याभोवती. चुलतभावाची मुलगी नऊ वर्षांची होती.

"रडत आली पोरगी. तिच्या आयनं मला सांगितलं. म्या म्हटलं, घरातलं हाय, घरातच राहू द्या. दुसऱ्या दिशी ह्याला मावसभावाकडं मागावर धाडला."

"त्या मुलीला कुणी काही विचारलं?"

"तिला काय इचारायचं? दोन दिस शाळंला गेली न्हाय, मग जाया लागली."

सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, हात मात्र पदराशी चाळा करत होते. बत्तीस वर्षं त्या माउलीने हे एकटीने वागवलं होतं, आणि आपण मुलाला वाचवलं असं त्यांना अजून वाटत होतं.

गंमत म्हणायला नको, पण हे कळल्यावर मी तक्ता पुन्हा पाहिला आणि आकडा हलला नाही. नियमाप्रमाणे पूर्वीचा गुन्हा धरायला कुठेतरी सरकारी नोंद लागते. आजीने माझ्यासमोर सांगितलेलं त्यात बसत नाही. बेरीज शून्यच.

आकड्याला मी नावं ठेवत नाही. तो नसेल तर आम्ही तज्ज्ञ मंडळी चेहरा बघून अंदाज बांधतो आणि त्यात जास्त चुकतो, हे पुष्कळदा दिसून आलंय. पण आकडा माणसांच्या एका मोठ्या गटाबद्दल सांगतो. समोरच्या या माणसाने, याच वयात, याच मुलीबाबत असं का केलं, ते त्यातून निघत नाही. त्यासाठी मांडणी करावी लागते, ज्याला आम्ही केस फॉर्म्युलेशन म्हणतो.

मी कागदावर दोन उभे रकाने काढले, १९९१ आणि २०१४. पहिल्यात बारावी नापास, वडिलांचा मार, घरी रिकामा. दुसऱ्यात भिवंडीचा माग बंद पडलेला, गावी परत, भावाच्या पैशाने घेतलेली रिक्षा, सगळ्यांसमोर मिंधेपण. दोन्ही वेळा मोठ्यांच्या जगातली पत गेली, दोन्ही वेळा तो मुलांकडे वळला आणि 'लाडका काका' झाला, आणि दोन्ही वेळा मोठ्यांनी मुलं त्याच्या हवाली करून निःश्वास टाकला. मधली तेवीस वर्षं कोरी. त्या काळात काही घडलं नाही असं मी लिहू शकत नव्हते, कळलं नाही एवढंच लिहिलं.

डेव्हिड फिंकेलहॉर यांनी १९८४ मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या, त्या मला अजून उपयोगी पडतात. मुलाबद्दल ओढ असावी लागते. मग मनातला अडसर काढावा लागतो, मग बाहेरचा पहारा चुकवावा लागतो, आणि शेवटी मुलाचा विरोध मोडावा लागतो. घरच्यांची सगळी गोष्ट दुसऱ्या पायरीवर अडकली होती: दारू सुटली, प्रश्न सुटला. प्रत्यक्षात त्याचं कसब तिसऱ्या पायरीवर होतं. रिक्षाचा क्रम बदलणं. लळा लावणं. आणि आत्ता, २०२३ मध्ये, थोरल्या भावाच्या घरात पत नसलेला, काम नसलेला, पाढे शिकवणारा तो. दोन्ही रकान्यांशेजारी तिसरा रकाना आपोआप भरत गेला. मी पेन खाली ठेवलं.

त्याला पुन्हा आत बोलावून १९९१ बद्दल विचारलं.

"तेव्हा मी लहान होतो."

"एकोणीस."

बऱ्याच वेळाने म्हणाला, "आईनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही." त्या क्षणी तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्या प्रसंगातून तो एवढंच शिकला होता, आणि घरानेच शिकवलं होतं.

चारला सगळे एकत्र बसले. जोखीम कमी, मध्यम, जास्त असा शिक्का मी मारला नाही. आरएसव्हीपी नावाची पद्धत वापरणारे काय करतात, तर पुढे काय घडू शकेल त्याचा प्रसंग लिहितात: कुणाबरोबर, कुठे, कशा दिवसांत, आधी कोणत्या खुणा दिसतील. मी तो वाचून दाखवला. अनोळखी मुलीला रस्त्यावर गाठेल असा हा माणूस नाही. धोका घरात आहे, ओळखीच्या, लळा लागलेल्या मुलीला, तोही त्याची पत ढासळलेली असताना, मोठ्यांचं लक्ष 'आता सुधारलाय' म्हणून सैल पडल्यावर. म्हणून ज्या घरात लहान मूल आहे तिथे त्याने राहू नये, आणि मुलांबरोबर एकटं कधीच असू नये.

१९९१ चा भाग आजींनी स्वतः सांगितला. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल, असं मी आधी बजावलं होतं. सून ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भाऊ मात्र उखडला. "म्हणजे जन्मठेपच की ही! तुमच्या इंग्लंडात यावर काही औषध, काही कोर्स नाही?"

होता, मी सांगितलं. तिथल्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी एक मोठा कार्यक्रम पंचवीस वर्षं चालला. २०१७ मध्ये तिथल्याच न्याय मंत्रालयाने पाहणी छापली. तो पूर्ण केलेल्या अडीच हजारांवर कैद्यांपैकी १० टक्क्यांना साधारण आठ वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झाली होती. न केलेल्या तशाच कैद्यांपैकी ८ टक्क्यांना. कार्यक्रम बंद झाला. त्याच आकड्यांत दुसरीही गोष्ट आहे, नव्वद टक्के पुन्हा पकडले गेले नाहीत, तेव्हा जन्मठेप वगैरे मी म्हणत नाही. उपचार करू, दर आठवड्याला यावं लागेल. पण उपचार चालू आहेत म्हणून पहारा उठवायचा नाही.

"पहारा कोण देणार?" सुनेने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इंग्लंडमध्ये अशा माणसामागे प्रोबेशन अधिकारी असतो, पोलीस असतात, राहायच्या जागेवर अटी असतात. आपल्याकडे २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे, ती पोलीस बघू शकतात. शिक्षा पूर्ण भोगून सुटलेल्या माणसाला दर महिन्याला भेटणारं कुणी नाही. सगळं त्या बाथरूमच्या दारातल्या पाटावर येऊन थांबतं.

मीही एक प्रश्न विचारला, जो दिवसभरात कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. मागच्या गल्लीतली ती मुलगी अजून तिथेच राहते का? भावाने आठवून सांगितलं, "राहते. कॉलेजला जाते आता." ती रोज सकाळी याच घरासमोरून बसस्टॉपला जाते, हे सुनेने सांगितलं. अकरा दिवस हा ओट्यावर बसून पेपर वाचत होता.

तो इतका वेळ खाली मान घालून होता. म्हणाला, "मग मी जायचं कुठं?" प्रश्न बरोबर होता. कोण खोली देणार, कोण कामावर ठेवणार? ते ठरवण्यात अजून दीड तास गेला, आणि मला वाटतं तो दीड तास दिवसातला सर्वांत कामाचा होता. भावाच्या ओळखीची एक लाकडाची वखार आहे, मागे वॉचमनची खोली रिकामी. आसपास शाळा नाही, घरं नाहीत. मालकाला सगळं खरं सांगायचं, हे भावाने नाराजीने कबूल केलं. डबा घरून जाईल. आजींना भेटायचं तर त्या तिकडे जातील.

दुसऱ्या दिवशी सून मुलीला घेऊन आली. आम्ही बराच वेळ चित्रं काढली, बोललो. काही घडल्याची खूण मला दिसली नाही. काकांनी कुठले पाढे शिकवले विचारलं, तर एका दमात सातपर्यंत म्हणून दाखवले.

अहवाल मी चार पानांचा दिला. बरा झालाय असं त्यात कुठे नव्हतं. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला होता, तो परत दिला.

तो येत होता, जवळजवळ नियमाने. वखारीत कामही चांगलं करत होता. सप्टेंबरात सुनेचा फोन आला. गणपतीला त्याला बोलवायचं का, आजी हट्ट धरून बसल्यात. सणाला घर भरतं, दहा-बारा पोरं हॉलमध्ये एका ओळीत झोपतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय. मी म्हटलं, या वर्षी नको. आजींना वखारीत प्रसाद घेऊन जाऊ दे.

"मी तेच सांगितलं," ती म्हणाली. मग म्हणाली की तिने एक फोन केला होता. चुलत घरच्या त्या मुलीला, म्हणजे आता एकेचाळीस वर्षांच्या बाईला, इचलकरंजीला. नंबर मिळवायला चार दिवस लागले. काय बोलायचं ठरवलेलं सगळं विसरली आणि नुसतंच म्हणाली, मला आजींनी सांगितलं.

"त्या काय म्हणाल्या?"

"बराच वेळ काही नाही. मग विचारलं, त्याला घरात घेतलाय का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, मग मी येते गौरीजेवणाला."